खिडकीबाहेरची दीड फुटाची गॅलरी

गेल्या गुढीपाडव्याला सकाळी आठ वाजता मी ठाण्यातल्या एका सोसायटीच्या आवारात वही घेऊन उभी होते. वॉचमनने दोनदा विचारलं, "मॅडम, काय पाहिजे?" मला एकच गोष्ट नोंदवायची होती: कुणाची गुढी कशाला बांधली आहे?

इमारत चार मजली, पस्तीसएक वर्षांची. तळमजल्यावरच्या दोन गुढ्या दारात, पाटावर उभ्या होत्या. वरच्या मजल्यांवरच्या बहुतेक सगळ्या खिडकीच्या ग्रिलला बांधलेल्या. काहींनी काठी गजांमधून तिरकी बाहेर काढली होती. काहींनी ग्रिलची छोटी झडप उघडून गुढी ताठ बाहेर उभी केली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराची गुढी मात्र ग्रिलच्या आतच होती. तांब्या वरच्या पट्टीला टेकलेला, साखरेची गाठी गजांवर चेपलेली. नंतर त्यांच्याकडे चहाला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, झडपेच्या कुलपाची किल्लीच सापडेना. मागच्या वर्षी होती."

त्या किल्लीकडे आपण शेवटी येऊ. आधी मुद्द्याचं बोलू. ग्रिल आपण बसवतो चोरासाठी. मग तिच्यावर गुढी कशी आली? आकाशकंदील, तुळस, ओले टॉवेल, लोणच्याची बरणी, दादाचे क्रिकेटचे बूट, हे सगळं तिथे कसं पोचलं? माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण याच प्रश्नावर आहे. मला मिळालेलं उत्तर थोडक्यात सांगायचं तर असं: मुंबईतली बॉक्स ग्रिल ही चाळीच्या गॅलरीची वारस आहे. गॅलरी जी कामं करत होती, त्यातली बरीचशी ग्रिलने उचलली. एक काम मात्र तिला जमलं नाही, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.

आधी गज होते

खिडकीला लोखंड लावणं आपल्याकडे नवीन नाही. जुन्या वाड्यांच्या किंवा कोकणातल्या घरांच्या खिडक्या आठवून बघा. जाड लाकडी चौकट, तिच्यात वरून खाली बसवलेले उभे गज, आतल्या बाजूला उघडणाऱ्या झडपा. गज कधी लाकडाचे, कधी लोखंडाचे. ते चौकट तयार होतानाच तिच्या भोकांमध्ये बसवत. एक गज काढायचा तर चौकट फोडावी लागे. म्हणजे गज हा खिडकीचाच अवयव होता. घर बांधून झाल्यावर कुणीतरी येऊन मागाहून लावायची ती वस्तू नव्हती.

हा फरक लक्षात ठेवा, कारण ग्रिल नेमकी उलटी आहे. ती इमारत उभी राहिल्यावर येते. बिल्डर जातो, ताबा मिळतो, आणि पहिल्या महिन्यात फॅब्रिकेटर टेप घेऊन दारात उभा राहतो.

प्लेगने खिडकी मोठी केली

मुंबईपुरतं बोलायचं तर या गोष्टीची सुरुवात १८९६ पासून करावी लागते. त्या वर्षी शहरात प्लेग आला. रोग अंधाऱ्या, कोंदट, दमट घरांत राहतो असा तेव्हाचा समज होता. त्यामुळे प्लेगच्या पथकांनी घरांची कौलं काढून आत ऊन सोडलं, आणि भिंतींवर 'यू.एच.एच.' अशी अक्षरं रंगवली. अर्थ: माणसाच्या वस्तीला अयोग्य. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पक्कं व्हायला आणखी काही वर्षं जावी लागली. तोवर उजेड आणि हवा हे शहराच्या नियमांमध्ये शिरलं होतं.

१८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका नियमाचा फार पाठपुरावा केला: साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. ऐकायला भयंकर वाटतो, पण सोपा आहे. समोरची इमारत आणि तुमची खिडकी यांच्यामध्ये जेवढी मोकळी जागा, तिच्या दुपटीपेक्षा जास्त उंची समोरच्या इमारतीची नसावी. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या खोलीतही आभाळाचा तुकडा दिसेल. (तुम्ही आज ज्या खिडकीपाशी बसून हे वाचताय, तिथून हा हिशेब करून बघा. बहुतेक ठिकाणी तुम्ही नापास व्हाल.)

तर खिडकी ही आरोग्याची वस्तू झाली. ती मोठी हवी आणि उघडी हवी. मुंबईच्या दमट हवेत रात्रभर उघडी हवी. आणि रात्रभर उघड्या राहणाऱ्या मोठ्या खिडकीतून हवा येते तसा चोरही येऊ शकतो. थंड देशात रात्री काच लावून घेतली की प्रश्न मिटतो. आपल्याकडे तो तसा मिटत नाही.

गॅलरीला ग्रिल लागत नव्हती

चाळीत मात्र हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटलेला होता. गिरगाव, परळ, लालबागच्या कितीतरी चाळींमध्ये खोल्यांसमोरून एक लांब सामाईक गॅलरी जाते. (सगळ्याच चाळी अशा नाहीत. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्या आहेत, पण त्या मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना. तिथलं जगणं थोडं निराळं.) गॅलरीवाल्या चाळीत दार दिवसभर उघडं. उन्हाळ्यात रात्री पुरुषमंडळी गॅलरीतच अंथरूण टाकत. आता जिथे दहाबारा माणसं झोपली आहेत, तिथून चोर जाणार कुठून? परका माणूस जिना चढला की पहिल्याच खोलीतून "कोण पाहिजे?" असा आवाज यायचा. गॅलरी हीच राखण होती.

शिवाय ती घराची दुसरी खोली होती. मी ज्या ज्या आजींशी बोलले, त्यांना "गॅलरीत काय काय करायचात?" असं विचारलं की यादी थांबतच नाही. धुणं वाळत घालायचं. गहू निवडायचे. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे. मुलाला अंघोळीनंतर कोवळ्या उन्हात न्यायचं. कठड्याला गुढी बांधायची, दिवाळीत कंदील. भाजीवाला खाली आला की दोरीला बांधलेली टोपली सोडायची. आणि संध्याकाळी कठड्याला टेकून नुसतं उभं राहायचं. एका आजींनी मला दुरुस्त केलं: "नुसतं नाही हो. कठड्याला टेकून उभं राहणं हेसुद्धा कामच होतं. त्याशिवाय शेजारी काय चाललंय ते कळणार कसं?"

गॅलरीतल्या जगण्याचं मी गुणगान करत नाहीये. तिथे खाजगी असं काही नव्हतं, नव्या सुनेला तर अजिबात नाही. संडास सामाईक, भांडणंही सामाईक. लोकांना तिथून निघायचं होतं, आणि त्याला कारणं होती.

फ्लॅट आला, राखण गेली

इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या बाजूला नव्या वसाहती आखल्या, तिथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात मध्यमवर्गीय इमारती उभ्या राहिल्या. निखिल राव यांनी 'हाउस, बट नो गार्डन' या पुस्तकात दाखवलं आहे की स्वतःचा संडास आतमध्ये असलेला स्वतंत्र फ्लॅट ही गोष्ट तिथे कशी रुजली. दार बंद केलं की घर संपूर्ण. आज आपल्याला यात काहीच विशेष वाटत नाही, पण तेव्हाच्या मुंबईकरासाठी हा मोठा बदल होता.

दार बंद झालं आणि गॅलरी गेली. गॅलरीबरोबर "कोण पाहिजे?" विचारणारेही गेले. जिन्यावर आता फक्त बंद दारं. ही राखण मग लोखंडाकडे आली. दाराला जाळीचं सेफ्टी डोअर, खिडकीला ग्रिल.

ही पहिली पिढी दिसायला सुंदर होती. मरीन ड्राइव्ह, ओव्हलच्या समोरची बाजू, शिवाजी पार्क, माटुंगा इथल्या १९३०-४० च्या दशकांतल्या इमारती बघा. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आपण त्यांचे गोल कोपरे आणि सज्जे बघतो, पण ग्रिलही बघण्यासारख्या आहेत: लाटा, उगवता सूर्य, कारंजी, नागमोडी रेघा. ओतीव लोखंडाचे दिवस तेव्हा मागे पडत होते. ओतीव लोखंडाला साचा लागतो आणि ते ठिसूळ असतं. साध्या पोलादाच्या पट्ट्या आणि सळया गल्लीतला कारागीर वाकवू शकतो, रिव्हेटने किंवा वेल्डिंगने जोडू शकतो. त्यामुळे प्रत्येक इमारतीला आपापली नक्षी परवडली.

पण ही ग्रिल सपाट होती, खिडकीच्या चौकटीतच बसवलेली. खिडकीची दारं बाहेर उघडायची आणि ग्रिल आतल्या बाजूला. पाऊस आला की गजांमधून हात घालून दार ओढून घ्यायचं. हात जाईल एवढी फट ठेवावीच लागे. अशा ग्रिलवर फार तर एखादा रुमाल वाळत घालता येतो. तिला जागा नाही, फक्त पृष्ठभाग आहे.

ग्रिल बाहेर कधी आली?

माझ्या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग हा आहे, कारण कागद मिळत नाहीत. महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशांवर भिंती असतात, खिडक्या असतात, ग्रिल नसते. ती मंजुरीनंतर येते. मुंबईच्या भिंतींवर हजारो टन लोखंड टांगलेलं असेल, पण सरकारी नकाशाच्या दृष्टीने ते नाही. मग मी काय वाचते? सोसायट्यांची इतिवृत्तं. त्यांत ग्रिल वारंवार भेटते: "सर्व सभासदांनी एकाच नमुन्याची ग्रिल बसवावी", "ग्रिलमधून पाणी खालच्या सभासदाच्या कपड्यांवर पडते अशी तक्रार", "रंग सोसायटीच्या खर्चाने की सभासदाच्या?" लग्नाच्या आणि बारशाच्या फोटोंमध्ये मागे दिसणाऱ्या खिडक्या. आणि फॅब्रिकेटरांच्या आठवणी.

या सगळ्यातून जे चित्र दिसतं ते असं. ग्रिल एका कारणाने बाहेर आली नाही. तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या.

पहिली, जागेचा हिशेब. १९६४ च्या विकास आराखड्यापासून मुंबईत एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक आला. प्लॉटच्या किती पट बांधायचं याचं गणित. चौरस फूट मोजला जाऊ लागला की मोजला न जाणारा चौरस फूट मौल्यवान होतो. १९९१ च्या नियमावलीत मजल्याच्या १० टक्क्यांपर्यंतची बाल्कनी या हिशेबात धरत नसत, आणि शुल्क भरून ती बंद करून खोलीत घेता येत असे. साहजिकच लोकांनी ती आत घेतली. हॉल मोठा झाला, पण कपडे वाळत घालायची जागा गेली. फ्लॅटवाल्यांची गॅलरी ही अशी दुसऱ्यांदा गेली.

दुसरी, सरकती खिडकी. ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी आली आणि दारं बाहेर उघडण्याचा प्रश्नच संपला. आता ग्रिल बाहेरच्या बाजूला लावता येते. आणि एकदा बाहेर गेली की भिंतीलाच चिकटून राहायचं तिला काही कारण उरत नाही. ती फूटभर, दीड फूट पुढे येऊ शकते.

तिसरी, माल आणि वेल्डिंग. पोलादाच्या किमती आणि वाटपावरचं सरकारी नियंत्रण जानेवारी १९९२ मध्ये उठलं. गल्लीगल्लीत वेल्डिंग मशीन होतंच. भांडुपमधल्या एका जुन्या फॅब्रिकेटरने मला सांगितलं की पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, "डिझाइन कोणतं?" नंतर विचारायला लागलं, "बाहेर किती काढून देणार?"

हा प्रश्न बदलला, तेव्हा ग्रिलचं काम बदललं.

नऊ चौरस फूट

आपण एक साधा हिशेब करू. सहा फूट रुंद, चार फूट उंच खिडकी. ग्रिल दीड फूट पुढे. तळाला जागा मिळाली ९ चौरस फूट. अशा दोन खिडक्या म्हणजे १८. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं सुरुवातीच्या काळातलं घर २२५ चौरस फुटांचं होतं. त्याच्या तुलनेत हे १८ चौरस फूट म्हणजे घराच्या ८ टक्के. आता सांगा, ही चोरासाठी लावलेली वस्तू आहे का?

या नऊ चौरस फुटांत काय असतं याची मी घरोघर यादी केली. वाळत घातलेले कपडे सगळीकडे. तुळस, कोरफड, कढीपत्ता, ओव्याचं रोप. पाण्याचं पिंप, जिथे पाणी ठरावीक वेळीच येतं तिथे. एसीचं बाहेरचं युनिट, टीव्हीची डिश. लादी पुसायचं फडकं. कांद्या-बटाट्याची टोपली. उन्हाळ्यात ताटात पसरलेल्या मिरच्या, वर ओढणी. एका घरात मुलाच्या अभ्यासाची जागा: फळी टाकलेली, वर ताडपत्री. एका घरात आजोबांची खुर्ची खिडकीला लावलेली आणि पाय ग्रिलमध्ये. त्यांना गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नाही. ते म्हणाले, "माझे पाय तरी घराबाहेर जातात."

चाळीतल्या आजींनी सांगितलेली गॅलरीची यादी आणि ही यादी मी शेजारी शेजारी मांडली. खूपशा ओळी जुळल्या. धुणं, वाळवण, तुळस, गुढी, कंदील, ऊन खाणं. म्हणून म्हटलं, बॉक्स ग्रिल ही गॅलरीची वारस. सामाईक लांब गॅलरीचे तुकडे झाले, आणि प्रत्येकाने आपापला तुकडा आपल्या खिडकीबाहेर टांगला.

या यादीतली बहुतेक कामं घरातल्या बायकांची आहेत, हेही नोंदवायला हवं. म्हणून ग्रिल किती बाहेर काढायची या भांडणात मला दोन वेगवेगळी गणितं दिसतात. सोसायटीच्या सभेत पुरुष बोलतात: इमारतीचा देखावा, गळती, पालिकेची नोटीस. घरात बाई विचारते: चादरी कुठे वाळवू? इतिवृत्तात पहिलंच गणित नोंदलं जातं.

लोखंडाचं वजन

या टांगलेल्या तुकड्याची किंमतही आहे. १० मिलिमीटरच्या चौकोनी सळीचं वजन मीटरला साधारण पाऊण किलोच्या वर भरतं. आपल्या सहा बाय चारच्या बॉक्सला, चार-चार इंचांवर गज धरले तर, पन्नास-पंचावन्न मीटर सळी लागते. म्हणजे चाळीस किलोंच्या पुढे नुसतं लोखंड. त्यात ओल्या मातीच्या दहा कुंड्या ठेवा. आता हे सगळं पेलतं कोण? भिंतीत खाच पाडून गाडलेले चार-सहा पाय.

मुंबईत वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा खारट. लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. भिंतीत गाडलेला पाय आतून फुगतो, प्लास्टर तडकतं, तडकीतून पाणी आत जातं. दर दोनतीन वर्षांनी घासून लाल प्रायमर आणि वर ऑइलपेंट लावणं म्हणूनच लागतं. जुन्या भाड्याच्या इमारतींत हेही अडतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाने दुरुस्तीतून अंग काढलं. तिथे भिंत मालकाची, तिच्यात रुतलेली ग्रिल भाडेकरूची, आणि तडा कुणाचा यावर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार.

नियम बनवणाऱ्यांनाही हे तुकडे दिसत होते. बिल्डरांनी 'फ्लॉवर बेड' नावाने खिडकीखाली मोकळे कठडे द्यायला सुरुवात केली, जे हिशेबात धरले जात नसत. तिथे फुलं किती आणि ग्रिल लावून वाढवलेल्या खोल्या किती, हे तुम्हाला माहीत आहे. जानेवारी २०१२ च्या बदलांनंतर फ्लॉवर बेड, बाल्कनी वगैरे एफएसआयमध्ये मोजायला लागले. आताच्या इमारतींत 'ड्राय बाल्कनी' मिळते, वॉशिंग मशीन आणि दोऱ्या यांच्यासाठी. उंच टॉवरमध्ये बारीक स्टीलच्या तारांची, लांबून न दिसणारी ग्रिल लावतात. तिच्यावर चादर वाळत घालता येत नाही. ग्रिल पुन्हा सपाट झाली, १९३५ सारखी, फक्त नक्षी गेली.

वारशात न आलेली गोष्ट

आता ते राहिलेलं काम. गॅलरीतून बाहेर पडता यायचं.

हे वाक्य इतकं साधं आहे की ते लिहायला मला दोन वर्षं लागली. मी वापरांच्या याद्या करत राहिले, आणि "ये-जा" हा गॅलरीचा पहिला वापर मी यादीत घातलाच नव्हता, कारण तो कुणी मुद्दाम सांगत नाही. गॅलरी हा रस्ता होता. एका खोलीत स्टोव्हचा भडका उडाला तर शेजारच्या खोलीतली माणसं दुसऱ्या बाजूला पळू शकायची, आणि मदतीला येणारी माणसं त्याच गॅलरीतून दारापर्यंत पोचायची. चाळींचे लाकडी जिने स्वतःच पेट घेण्याजोगे होते, तेव्हा तिथे सगळं सुरक्षित होतं असं नाही. पण खोलीतून बाहेर पडायला आधी दार आणि मग मोकळी हवा होती.

फ्लॅटला दार एकच, आणि ते जिन्यात उघडतं. जिन्यात धूर भरला की उरते खिडकी. आगीत ज्वाळेपेक्षा धुराने आधी जीव जातो. म्हणून खिडकीशी पोचलेला माणूस तिथून बाहेर डोकं काढू शकतो का, अग्निशमन दलाची शिडी लागली तर त्या शिडीवर पाय ठेवू शकतो का, हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. पक्की वेल्डिंग केलेली बॉक्स ग्रिल असेल तर जवानांना आधी लोखंड कापावं लागतं. त्यात जाणारी मिनिटं आतल्या माणसाकडे नसतात.

आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात पंप, नळ्या, सिलिंडर येतात. तुमच्या बेडरूमच्या ग्रिलची किल्ली कुठल्या खिळ्याला आहे, हे कुठल्याच कागदावर येत नाही. ग्रिल नकाशात नव्हती, तशी ती या तपासणीतही नाही.

उपाय फॅब्रिकेटरांना केव्हाचा माहीत आहे: ग्रिलमध्ये बिजागरीची झडप, माणूस बाहेर जाईल एवढी, आतून कुलूप. भांडुपचे ते फॅब्रिकेटर म्हणाले, "आम्ही विचारतो, झडप ठेवू का? लोक म्हणतात, ठेवा, एसीवाल्याला लागेल." म्हणजे झडप असते, पण एसीवाल्यासाठी आणि वर्षातून एकदा गुढीसाठी. मग कुलूप पावसात गंजतं, झडपेसमोर पिंप येतं, आणि किल्ली हरवते. लहान मूल असलेल्या घरात तर ती मुद्दाम लपवली जाते, आणि ते बरोबरही आहे. पडण्याची भीती आणि अडकण्याची भीती, दोन्ही खऱ्या आहेत. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, यातला तोल मी ठरवणार नाही. पण ही दुसरी भीती आपण यादीत घातलेली नाही, एवढं मी अभ्यासातून सांगू शकते.

तुमच्याकडून हवं ते

पुनर्विकासात इमारती पडताहेत. ग्रिल कापून किलोवर भंगारात जाते, आणि माझ्या प्रकरणाचे पुरावेही तिच्याबरोबर जातात. म्हणून विनंती. तुमच्या खिडकीच्या ग्रिलचा एक फोटो काढून ठेवा, तिच्यात काय काय आहे ते न आवरता. ती किती बाहेर आहे ते टेपने मोजा. घरातल्या मोठ्यांना विचारा की ती कुणी, केव्हा लावली आणि त्याआधी कपडे कुठे वाळायचे. जुन्या अल्बममध्ये मागे खिडकी दिसत असेल तर तो फोटो जपा. मला कळवलंत तर आनंदच आहे, पण तुमच्या घरात नोंद राहिली तरी पुष्कळ.

आणि एवढं करताना झडप उघडून बघा.

ठाण्याच्या त्या काकूंचा पंधरा दिवसांनी फोन आला होता. किल्ली देवघराच्या खणात सापडली, जुन्या वातींच्या पुडीखाली. कुलूप मात्र गंजून धरलं होतं, तेल घालूनही फिरलं नाही. शेवटी फॅब्रिकेटरने येऊन ते कापलं आणि नवं लावलं. नवी किल्ली आता खिडकीशेजारीच खिळ्याला असते, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. पिंप त्यांनी दुसऱ्या खिडकीत हलवलं आहे. तिथे सांडग्यांना ऊन कमी लागतं, असं त्यांचं म्हणणं.